दूरचे डॉक्टर व घरची आजी

सन २०२० च्या एप्रिलांत, साथीमुळें लोक घरांत कोंडले गेले असतां, सरकारनें 'ई-संजीवनी' ही सोय घरबसल्या रोग्यांस खुली केली. मोहालीच्या सी-डॅक संस्थेनें ती तयार केली. मोबाईलवर नांव नोंदवावें, ओटीपी भरावा, टोकन घ्यावें. पाळी आली म्हणजे डॉक्टर पडद्यावर दिसतात व औषधांची चिठ्ठीही तेथेंच मिळते. दवाखाना दूर असलेल्या गांवास ही सोय मोठीच म्हणावयाची.

परंतु आमच्या वाचकांपैकीं किती जणांच्या घरीं हें सर्व आजी स्वतः करिते? बारीक अक्षरें, ओटीपीची घाई, आणि भलतेंच बटण दाबलें जाईल ही धास्ती! म्हणून मोबाईल नातवाच्या हातीं जातो. (आमचे विद्यार्थी या कामीं भारीच पटाईत!) पण येथेंच घात होतो. डॉक्टरांनीं लघवीची तक्रार विचारली कीं आजी नातवाकडे पाहते आणि "तसें कांहीं नाहीं" म्हणते. मग चिठ्ठी मिळते ती गुडघेदुखीची.

दोष आजीचा नव्हे, रचनेचा आहे, असें आम्हांस वाटतें. ठळक अक्षरें, मराठींत बोलून वाट दाखविणारा आवाज व एकच मोठें बटण असावें. ई-संजीवनींतच दुसरा एक मार्ग आहे, तो आम्हांस अधिक पसंत आहे: आरोग्य केंद्रांतील अधिकारी रोग्याजवळ बसून दूरच्या डॉक्टरांशीं गांठ घालून देतो. यंत्राची उठाठेव रोग्याच्या माथीं येत नाहीं, व नातूही मध्यें लागत नाहीं.

घरीं मात्र विद्यार्थ्यांनीं इतकें करावें: डॉक्टर दिसूं लागतांच मोबाईल आजीच्या हातीं द्यावा, दार ओढून घ्यावें व बाहेर ओटीवर बसावें.