वागळेतून गावच्या रस्त्याला लागा

ठाण्याच्या वागळे वसाहतीत किसननगर, श्रीनगर, रामचंद्रनगर इथल्या इमारतींत जिन्याखाली साखळीने बांधलेल्या गिअरच्या सायकली पाहा. कितीतरी सायकलींच्या टायरमध्ये हवाच नसते. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: चालवायची कुठे? प्रश्न रास्त आहे. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम आणि अवजड वाहनं, गायमुखच्या घाटात खड्डे, तीन हात नाक्यावर सिग्नलला जीव मुठीत. पण म्हणून सायकल गंजू देऊ नका. खाडी ओलांडून कल्याणच्या पुढे गेलात की मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत छोट्या डांबरी रस्त्यांचं मोठं जाळं आहे. माझं आवाहन एवढंच आहे की त्या रस्त्यांवर सायकल चालवा, आणि जाऊन आलात की रस्त्याची माहिती लिहून ठेवा. चालवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच लिहिणंही.

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतले सायकलमार्ग आज जगभर नावाजले जातात. दोन्ही बाजूंना झुडपांचं कुंपण, मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढा रस्ता, वाटेत एखादं चर्च आणि खानावळ. चित्र सुंदर आहे, पण ते आपोआप तयार झालेलं नाही. १८७८ साली हॅरोगेट गावी सायकलवरून भटकणाऱ्यांनी आपला क्लब काढला. त्या काळी ब्रेक कच्चे, रस्ते खडीचे. क्लबने मोठ्या उतारांच्या तोंडाशी धोक्याच्या पाट्या लावल्या. गावोगावी आपला एक माहीतगार माणूस नेमला. जिथे सायकलस्वाराला ठरल्या दरात जेवण आणि खोली मिळेल, त्या जागेवर पंख असलेल्या चाकाची खूण लावली. १८८६ साली सायकलवाल्यांनीच रस्ते सुधारण्यासाठी वेगळी संघटना उभी केली. मोटारी अजून यायच्या होत्या, त्याआधीची ही गोष्ट. पुढे १९६० च्या दशकात तिथले अनेक रेल्वेमार्ग बंद पडले, त्यानंतर ब्रिस्टॉलच्या स्वयंसेवकांनी बाथ शहराकडे जाणाऱ्या बंद लोहमार्गावर स्वतः काम करून सायकलमार्ग केला, आणि त्याच चळवळीतून १९९५ पासून देशभराचं सायकलमार्गांचं जाळं विणलं गेलं. तिथे सरकार आणि पैसा नंतर आला. आधी माणसांनी सायकली चालवल्या आणि नोंदी केल्या.

आपल्याकडे रस्ता आहे, नोंद नाही. डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली, आणि पाड्यापाड्यांना जोडणारे पावणेचार मीटर रुंदीचे डांबरी रस्ते झाले. नंतर मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतून आणखी झाले. रस्त्याच्या सुरुवातीला पाटी असते, तिच्यावर लांबी, ठेकेदाराचं नाव आणि देखभालीची मुदत लिहिलेली असते. ती पाटी थांबून वाचत जा. प्रधानमंत्री योजनेत रस्ता झाल्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी ठेकेदारावर असते. खड्डा दिसला तर फोटो काढून 'मेरी सडक' अ‍ॅपवर तक्रार टाकता येते. त्या खड्ड्याचा त्रास तुम्हाला रविवारी होतो. गावातल्या मुलाला तो रोज शाळेला जाताना होतो.

आता सुरुवात कुठून करायची? येऊरपासून. वागळेतून वर्तकनगर, उपवन आणि तिथून वनखात्याच्या फाटकातून वर. अंतर थोडं, चढ खडा. पाय तयार करायला ठाण्यात याहून चांगली जागा नाही. पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे बिबटे आहेत आणि आदिवासी पाडे आहेत. अंधारात जाऊ नका, कर्णे आणि गाणी नकोत. वरून उतरताना पाटोणपाड्याच्या बाया डोक्यावर मोळी घेऊन चालत असतात, पोरं रस्त्यात खेळत असतात. दोन्ही ब्रेक घराखालीच दाबून पाहा आणि उतारावर वेग आवरा. चढ चढलात म्हणून उतार तुमच्या मालकीचा होत नाही.

येऊर दमछाक न होता जमू लागलं की टिटवाळा. कल्याणहून शहाड, कांबा, रायते, गोवेली आणि तिथून डावीकडे टिटवाळा. वागळेतून जाऊन-येऊन सत्तर-ऐंशी किलोमीटर होतात. खरा आनंद कांब्यानंतर सुरू होतो. भातखाचरं, उल्हास नदी, आणि टिटवाळ्याला, गणपतीच्या गावाशी, काळू नदी. पावसाळ्यात मात्र हा मार्ग नदीला विचारून धरा. उल्हासला पूर आला की रायत्याचा पूल पाण्याखाली जातो. जुलै २०१९ मध्ये याच नदीच्या पुराने बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती, ते आठवा. पुलावरून घोटाभर जरी पाणी वाहत असलं तरी मागे फिरा.

त्याहून मोठी हौस असेल त्यांनी बदलापूरहून बारवी धरणावरून मुरबाड आणि मुरबाडहून कल्याण असा वळसा घ्यावा. बारवी हे एमआयडीसीचं, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाचं धरण. जिल्ह्यातले कारखाने आणि शहरं त्याचं पाणी पितात. आपली वागळे वसाहत ही एमआयडीसीची पहिली, १९६२ सालच्या त्या महामंडळाच्या जन्माबरोबरची. इथे राहणाऱ्याने बारवीचं जंगल एकदा तरी सायकलवरून पाहावं असं मला मनापासून वाटतं. पावसात धरणं आणि धबधब्यांवर प्रशासन बंदी घालतं, तेव्हा वाद न घालता दुसरा रस्ता धरा.

वज्रेश्वरीबद्दल पुष्कळजण विचारतात. १७३९ च्या वसई विजयानंतर चिमाजी अप्पांनी बांधलेलं मंदिर, शेजारी अकलोलीची गरम पाण्याची कुंडं, गणेशपुरी. ठिकाण उत्तम, पण भिवंडी-वाडा रस्त्यावर अवजड वाहनं आणि खड्डे दोन्ही आहेत. नवख्यांनी तो मार्ग सायकलवर धरू नये.

सगळ्यात अवघड आहे ते वागळेतून कल्याणपर्यंतचं अंतर, म्हणून त्यावर जरा थांबून बोलतो. न्हावाशेवा बंदरातून निघालेले कंटेनर शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव करत भिवंडीच्या गोदामांकडे जातात. रात्रभर गाडी चालवलेला ड्रायव्हर पहाटे सर्वांत पेंगुळलेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपण सायकल काढतो. तेव्हा मुंब्रा बायपास टाळा. माजिवड्यावरून माणकोलीला जा आणि तिथून मोठागावच्या पुलावरून डोंबिवलीत उतरा, म्हणजे महामार्गाचा बराच भाग सुटतो. माजिवडा ते माणकोली हा महामार्गाचा तुकडा उजाडल्यावरच ओलांडा, एकट्याने नको, चार-पाचजण एकामागे एक. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. ट्रेलर नाक्यावर डावीकडे वळत असेल तर त्याच्या डाव्या अंगाला कधीही शिरू नका. तिथला माणूस ड्रायव्हरला दिसत नाही, आणि वळताना मागची चाकं आत ओढली जातात. ज्याला हे सगळं जोखमीचं वाटतं त्याने सायकल टेम्पोत टाकून कल्याणपर्यंत न्यावी. लोकलच्या मालडब्यातून न्यायची तर स्टेशनवर नियम आधी विचारून घ्यावेत. त्यात कमीपणा काही नाही.

साइडपट्टीला अगदी चिकटून चालवू नका. डांबराची कड तुटलेली असते आणि चाक खाली गेलं की माणूस गाडीखाली जातो. कडेपासून दोन-तीन फूट आत, सरळ रेषेत चला. ब्रिटनमध्ये २०२२ पासून वाहतूक नियमांच्या पुस्तकातच लिहिलेलं आहे की सायकलला ओलांडताना निदान दीड मीटर अंतर ठेवावं. आपल्याकडच्या चालकाला ती सवय नाही, म्हणून आपली जागा आपल्यालाच राखावी लागते. हेल्मेट, जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप आणि दोन बाटल्या पाणी एवढं असल्याशिवाय घर सोडू नका. पंक्चर स्वतः काढायला शिका. गोवेलीच्या पुढे दुकान उघडं मिळेलच असं नाही.

महागडी सायकल हवीच असंही नाही. तीन पाळ्यांच्या काळात याच वसाहतीतले कामगार साध्या काळ्या सायकलच्या हँडलला डबा अडकवून रोज कामावर येत. तुमच्या घरी वडिलांची तशी सायकल असेल तर चेन, ब्रेक आणि टायर बघून घ्या आणि टिटवाळ्याला न्या. आकड्यांच्या मागेही लागू नका. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करण्याच्या ब्रेव्हे नावाच्या सायकलफेऱ्या आपल्याकडेही होतात. ज्याला झेपेल त्याने जरूर कराव्यात. पण चाळिशीत पहिल्यांदा सायकल काढणाऱ्याने आधी डॉक्टरांना दाखवावं आणि वर्षभर पन्नास किलोमीटरच नीट करावेत.

गावात शिरलात की वेग कमी करा. शाळेपाशी, देवळापाशी, पाणवठ्यापाशी उतरून चालत गेलात तर उत्तम. बायकांचे, मुलांचे फोटो न विचारता काढू नका. पावसाच्या तोंडावर रस्त्याकडेला आदिवासी बाया शेवळं, करवंदं, जांभळं घेऊन बसतात. घासाघीस न करता घ्या. नाश्ता महामार्गावरच्या चकचकीत हॉटेलात न करता गावातल्या टपरीवर करा. त्या टपरीवाल्याला तुम्ही दर रविवारी दिसलात की पुढच्या पंक्चरला तोच धावून येईल. रिकाम्या बाटल्या आणि वेष्टनं परत ठाण्यात आणा.

आणि घरी आल्यावर, आंघोळीआधी, कागद घ्या. कुठून वळलात, पाटीवर काय नाव होतं, पाणी कुठे मिळालं, पंक्चरवाला कुठे आहे, कुत्री कुठे अंगावर येतात, कोणता उतार वाळू पसरल्यामुळे घसरडा आहे, कोणत्या मोरीवर पावसात पाणी चढतं, बाईमाणसाला जाता येईल असं स्वच्छतागृह कुठे आहे. हे शेवटचं पुरुषांनीही आठवणीने लिहावं. ते माहीत नसल्यामुळे कितीतरी मुली आणि बायका घरून निघतच नाहीत. तारीख घाला, कारण रस्ता एका पावसात बदलतो. मग तो कागद सोसायटीच्या फलकावर, कंपनीच्या कँटीनमध्ये, सायकल दुरुस्तीच्या दुकानात लावा. दुसरा कोणी त्याच मार्गाने जाऊन आला की त्याने त्यात दुरुस्ती करावी. पहिला कागद येऊरचा असू द्या. उपवनचं फाटक किती वाजता उघडतं, तिथून लिहायला सुरुवात करा.