हिवाळ्याची वीज, बाजाराचा भाव



हिवाळ्यात झेलम-चिनाब आटतात. ४८० मेगावॉटचे उरी, ६९० मेगावॉटचे सलाल निम्म्यानेही चालत नाही आणि नेमकी तेव्हाच काश्मिरात विजेची मागणी चढते. उन्हाळ्यात बर्फ वितळून वीज वाढते, ती मैदानी प्रदेशाच्या कामी येते. धरणाचा खर्च मात्र बारा महिने तोच.

बाजारवाले म्हणतात, थंडीत वापरतो त्याने थंडीचा भाव मोजावा. म्हणजे गरिबाने कुडकुडावे! रेल्वेत २०१६ साली राजधानी-शताब्दीला मागणीप्रमाणे चढते भाडे लावले, ते याच न्यायाने. रूळ आणि गँगमन काय सुट्टीपुरतेच लागतात?

उपाय आहे. हिमाचल उन्हाळ्यातील जादा वीज शेजारी राज्यांना देते, हिवाळ्यात परत घेते. हंगामाची तूट अशी सर्वांनी मिळून भरायची, खर्च वर्षभराच्या दरात वाटायचा. हे सार्वजनिक व्यवस्थेचे काम. नफेखोर टंचाईवरच जगतो.

डिसेंबर २०२१ मध्ये जम्मू-काश्मीरच्या वीज कामगारांनी पारेषणाची मालमत्ता संयुक्त कंपनीत ढकलण्याविरुद्ध संप केला. लष्कर बोलावले, तरी सरकारला तो प्रस्ताव थांबवावा लागला. त्यांची लढाई ती आपली लढाई!