पदवी हाती आहे, पण वर्गाची पात्रता?

व्यापारी कुटुंबातील बी.कॉम. झालेल्या मुलीने वा सुनेने प्राथमिक शिक्षिका होण्याची इच्छा बोलून दाखविली, की वडीलधाऱ्यांकडून बहुधा एकच सल्ला मिळतो : ‘‘मग बी.एड. करून टाक.’’ सल्ला मायेचा असतो. परंतु पहिली ते पाचवीच्या वर्गांपुरता तो आज चुकीचा आहे. या चुकीची किंमत म्हणजे आयुष्यातील दोन वर्षे आणि त्या दोन वर्षांचे शुल्क.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. त्यानुसार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने त्याच वर्षी २३ ऑगस्टला शिक्षकांची किमान अर्हता निश्चित केली. पहिली ते पाचवीसाठी मुख्य अट होती बारावी आणि प्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका, म्हणजे पूर्वीचे डी.एड. आणि आजचे डी.एल.एड. पुढे २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड. झालेल्यांनाही हे दार उघडले. नियुक्तीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करावा, एवढीच अट ठेवली. ही अधिसूचना राजस्थान उच्च न्यायालयाने रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी तो निर्णय कायम ठेवला. लहान मुलांना शिकविण्याचे शास्त्र वेगळे असून बी.एड.मध्ये त्याचे प्रशिक्षण मिळत नाही, हा त्या निकालाचा गाभा. बी.एड. ही मोठी पदवी असली, तरी ती या कामाची नाही.

तेव्हा पदवीधराने पुन्हा पदविका करायची काय? होय, आणि त्यात कमीपणा नाही. अडचण मात्र वेगळीच निघते. डी.एल.एड.चा प्रवेश पदवीच्या नव्हे, बारावीच्या गुणांवर होतो. महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गासाठी ४९.५ टक्के आणि मागास प्रवर्गांसाठी ४४.५ टक्के गुण लागतात. बारावीला ४७ टक्के मिळवून पुढे बी.कॉम.ला प्रथम श्रेणी पटकावली, तरी खुल्या प्रवर्गात ती उणीव भरून निघत नाही. जुन्या खात्यातील बाकी नव्या वहीत ओढावीच लागते, तसाच हा प्रकार.

अशा पदवीधरांपुढे दोन वाटा उरतात. पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेत ५० टक्के गुण असतील, तर प्रवेश परीक्षा देऊन बी.एड. करता येते आणि सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी तयारी करता येते, तेथे बी.एड. ग्राह्य आहे. दुसरी वाट बालवर्गाची. पहिलीच्या आधीच्या वर्गांना शिक्षण हक्क कायद्यातील ही अर्हता लागू नाही. मुलांत रमण्याची आपली आवड खरी आहे का, हे तेथे पारखून घेता येते.

पदविका मिळाली म्हणजे झाले, असेही नाही. शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. पहिली ते पाचवीसाठी पहिली प्रश्नपत्रिका, दीडशे प्रश्न, दीडशे गुण. खुल्या प्रवर्गास त्यांपैकी ९० गुण आवश्यक. हे प्रमाणपत्र आता आजीवन ग्राह्य असते.

‘आपल्याच समाजाची शाळा आहे, विश्वस्तांशी बोलू’ असेही काही घरांत म्हटले जाते. जैन समाजास २७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, हे खरे. अल्पसंख्याक शाळांना पात्रता परीक्षा लागू असावी की नाही, हा प्रश्न १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपविला. त्याच निकालाने इतर शाळांतील, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगितले. वाऱ्याची दिशा यावरून ओळखावी. ओळखीवर मिळालेली नोकरी एखाद्या निकालाने डळमळू शकते. प्रमाणपत्र आपल्याजवळ राहते.

आडवाटेचा मोह तर नकोच. महाराष्ट्रातील २०१९-२० च्या पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार उघड झाल्यावर साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले. पेढीची पत एका खोट्या हुंडीने जाते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून शुल्क भरण्यापूर्वी तीन गोष्टी मेजावर मांडाव्यात : बारावीची गुणपत्रिका, शिकवावयाच्या वर्गांची स्पष्ट निवड आणि संस्थेला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असल्याचा पुरावा. माल घेताना नमुना पाहणाऱ्या घराने मुलीच्या दोन वर्षांचा व्यवहार न पाहता करू नये. आणि हिशेब जुळला, तर ‘घरात काय कमी आहे?’ असे म्हणून तिला थांबवूही नये. पहिलीच्या वर्गातील मुलाला अक्षर लावून देणारी बाई तो जन्मभर विसरत नाही.