पुढच्या ब्रेकला घाबरू नका!

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण हा विषय लिहिल्याशिवाय राहवेना.

गेल्या सेमिस्टरला रूममेटने माझी सायकल मागितली. पुढच्या ब्रेकची वायर तुटून दोन महिने झाले होते. मी म्हटलं, "मागचा आहे ना, चालतं गं!" हॉस्टेलच्या उतारावर कुत्रं आडवं आलं. तिने मागचा ब्रेक करकचून दाबला, चाक लॉक झालं आणि सायकल घसरत गेली. उजवं मनगट फ्रॅक्चर! सबमिशन तिने डाव्या हाताने लिहिलं. मला मात्र एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं.

लहानपणी आपल्याला एकच धडा मिळतो, "पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील." आणि मेकॅनिक्सच्या पेपरात बरोबर उलटं लिहून आपण मार्क मिळवतो! ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर जातो, मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाला रस्त्याची पकड कुठून मिळणार?

मी गणित करून पाहिलं. दोन चाकांतलं अंतर १.०५ मीटर, गुरुत्वमध्य १.१ मीटर उंचीवर आणि पुढच्या आसापासून ०.६ मीटर मागे, कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला. ताशी २० किलोमीटर वेगात फक्त मागच्या ब्रेकने थांबायला निदान ६.३ मीटर लागतात. पुढच्याने, मागचं चाक उचललं जाण्याच्या बेतात असताना, साधारण २.९ मीटर. हे कागदावरचे टोकाचे आकडे आहेत, मान्य. पण निम्म्याहून कमी!

मग घरचे खोटं सांगत होते का? नाही. पुढचा ब्रेक एकदम दाबला तर माणूस खरंच हँडलवरून जातो. ओल्या रस्त्यावर, खडीवर किंवा वळणावर पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. तिथे वेग आधीच कमी करायचा आणि ब्रेक हलक्या हाताने लावायचा. पण म्हणून तो तुटका ठेवायचा, हा कुठला न्याय? रिकाम्या ग्राउंडवर शिकून घ्या. दोन्ही ब्रेक वापरा, पुढचा हळूहळू वाढवत न्या, हात ताठ, अंग थोडं मागे. मागचं चाक घसरायला लागलं की समजा, भार पुढे गेलाय, पुढचा ब्रेक जरा सोडा.

रेक्टर मॅडमना एक विनंती. टर्मच्या सुरुवातीला एक दिवस सायकलवाल्या काकांना गेटवर बसवा. वायर आणि रबराचे पैसे आम्ही देऊ. कॅन्टीनच्या एका पार्टीत ते भागतात.

आणि मित्रमैत्रिणींनो, सायकल उसनी देताना "चालतं गं" म्हणण्याआधी दोन्ही ब्रेक एकदा दाबून बघा. मी बघितले नव्हते.