तीन मिनिटांचें गाणें

वार्षिकाच्या मराठी विभागांत शिक्षकानें लिहावयाचें म्हणजे अभ्यासाची शिस्त, वेळेची किंमत किंवा सुट्टीचा सदुपयोग यांपैकीं एखादा विषय घ्यावा, असा प्रघात आहे. यंदा आम्ही तो मोडीत आहों. आमचा विषय एक गायक व त्याच्या कांहीं तबकड्या हा आहे. गायकाचें नांव जी. एन. जोशी. त्यांच्या गाण्याचे आम्ही चाहते आहों, हें प्रारंभींच सांगून टाकतों. म्हणजे आमच्या मतांत पक्षपात किती व विचार किती, याची पारख वाचकांस आपली आपण करितां येईल.

हा विषय घेण्यास कारणहि घडलें. मराठीच्या तासास आम्हीं एक जुनें भावगीत मुलांना ऐकविलें. पुढें एका पालकांनीं अत्यंत सौजन्यानें विचारिलें, "सर, शाळेंत प्रेमाचीं गाणीं कशाला? तीं तर मुलें घरीं दिवसभर ऐकतातच." प्रश्न योग्य आहे. त्यास उडवाउडवीचें उत्तर देणें आम्हांस शोभणार नाहीं. म्हणून हा लेख.

आजच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांनीं तबकडी पाहिलेली नसेल. ती दहा इंच व्यासाची, काळी व ठिसूळ थाळी असे. मिनिटास ७८ फेरे घेत ती फिरे आणि एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. पोलादी सुई एक बाजू वाजवून झाली कीं बदलावयाची. हिंदुस्थानांत अशा ध्वनिमुद्रणास १९०२ सालीं कलकत्त्यास आरंभ झाला. त्या आरंभींच्या कलावंतांत गौहरजान ही विख्यात गायिका होती. गाणें संपतांच ती आपलें नांव मोठ्यानें उच्चारीत असे. तबकड्या त्या काळीं जर्मनींत हॅनोव्हर येथें तयार होत. तेथील कारागिरांस आवाज कोणाचा हें कळावें, एवढाच त्यांत हेतु, असें सांगतात.

तीन मिनिटांची ही मर्यादा मोठ्या गवयांस फार जाचक झाली. जो राग ते तासभर आळवीत, तो त्यांना चिमटींत धरून दाखवावा लागे. नाटकांतील पदांचीहि तीच गत. रंगभूमीवर पदाच्या मागें कथा असे, नट असे, प्रेक्षकांचा वन्समोर असे. तबकडीवर यांतलें कांहींच नाहीं. मग या तीन मिनिटांत जन्मतःच मावेल असें कांहीं आहे काय? आमच्या मतें त्याचें उत्तर लहानशी कविता हें होय. एक भाव, चार कडवीं आणि एक गळा. मराठींत या उत्तराची वाट ज्यांनीं प्रथम रुळविली, त्यांत जोशी यांचें नांव अग्रभागीं येतें.

जोशी हे कायद्याचे पदवीधर. १९३२ सालीं 'हिज मास्टर्स व्हॉइस' कंपनीनें त्यांची 'शीळ' या कवितेची तबकडी काढिली आणि ती घरोघर पोहोंचली. कविता होती ना. घ. देशपांडे यांची. हे कवि बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकरचे आणि व्यवसायानें तेहि वकीलच. दोघांचाहि जन्म १९०९ सालचा. म्हणजे तबकडी निघाली तेव्हां दोघेहि तेविशीच्या घरांत होते. 'शीळ' नांवाचा काव्यसंग्रह निघावयास १९५४ साल उजाडलें. छापील पुस्तकाच्या पुष्कळ आधीं ही कविता लोकांच्या कानांत जाऊन बसली होती, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. याच कवीस पुढें १९८६ सालीं 'खूणगाठी' या संग्रहासाठीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आतां आमचीं मतें. जोशी यांच्या तबकड्यांत पहिलें स्थान आम्ही 'शीळ'लाच देतों. रानांतून शीळ येते आणि ती ऐकून एका तरुणीचें चित्त ठिकाणावर राहत नाहीं, एवढाच तिचा विषय. गायकानें येथें आपली कसरत दाखविण्याचा मोह आवरिला आहे. एकहि अक्षर स्वराखालीं चिरडलें जात नाहीं. चाल त्यांचीच, पण ती शब्दांच्या पुढें धांवत नाहीं, त्यांचें बोट धरून चालते. ज्यांचीं घरें रानाच्या कडेला आहेत त्या आमच्या विद्यार्थ्यांस या गाण्याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाहीं. रानांत दूरवरून आलेला आवाज माणसास कसा थांबवितो, हें त्यांस पुस्तकावाचून ठाऊक आहे.

दुसरें स्थान त्याच कवीच्या 'नदीकिनारी'स. गोडवा यांत कांकणभर अधिकच आहे. पण आमचा आक्षेप त्या गोडव्यावरच आहे. गाणें संपल्यावर चाल मनांत घोळत राहते आणि शब्द मागें पडतात. पुष्कळ रसिक याच्या उलट क्रम लावतील. त्यांच्याशीं आमचें भांडण नाहीं. मात्र त्यांनीं दोन्ही गीतें लागोपाठ ऐकून मग निर्णय द्यावा.

तिसऱ्या स्थानीं त्यांचीं युगुलगीतें ठेवितों. यांत त्यांच्या जोडीस गांधारी हनगल या नांवानें एक तरुण गायिका गात असे. त्याच पुढें सवाई गंधर्वांच्या शिष्या व किराणा घराण्याच्या थोर ख्यालगायिका गंगूबाई हनगल म्हणून प्रसिद्ध झाल्या. २००२ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें. गाणीं म्हणून हीं युगुलगीतें आम्हांस मध्यम प्रतीचीं वाटतात. दोन गळे एकमेकांस वाट करून देण्यांतच फार वेळ घालवितात. तरीहि त्यांस आम्ही कमी लेखीत नाहीं. गंगूबाईंचा तारुण्यांतील आवाज उंच व बारीक होता; गळ्यावरील उपचारानंतर तो भारदस्त व खर्जाचा झाला. तो पहिला आवाज आज कोठें आहे? त्या ठिसूळ थाळ्यांवर आहे, अन्यत्र नाहीं.

एक मत असें, कीं जोशी यांनीं स्वतःचें गाणें मागें ठेवून आपलें नुकसान करून घेतलें. १९३८ सालीं ते त्याच कंपनींत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि तीन दशकांहून अधिक काळ इतरांचे आवाज मुद्रित करीत राहिले. आमचें मत निराळें आहे. गायक पुष्कळ असतात. दुसऱ्याचा गळा ओळखून, त्याला धीर देऊन, त्या तीन मिनिटांत त्याचें उत्तम तें काढून घेणारा माणूस विरळा. शिक्षकाच्या कामाशीं याचें साम्य आहे, म्हणून कदाचित् आम्हांस तें अधिक भावत असेल.

आतां पालकांच्या प्रश्नाकडे वळूं. प्रेमाचें गाणें मुलांस बिघडवितें, ही भीति आम्ही खोटी म्हणत नाहीं. हलक्या शब्दांचीं गाणीं आहेत व तीं मुलांपर्यंत पोहोंचतात. पण तीं ऐकूं नका म्हटल्यानें तीं थांबत नाहींत. चांगलें काय, याची चव जिभेला लागली म्हणजेच वाईट बेचव लागूं लागतें. शिवाय आमच्या मतें अधिक मोठें संकट निराळेंच आहे. मोबाईलवर मुलगा एक गाणें लावतो, त्याचा तुकडा ऐकतो, बोट फिरवितो आणि दुसरें लावतो. दिवसांत तो शेंकडों गाणीं लावतो आणि एकहि ऐकत नाहीं. ज्याला तीन मिनिटें एका ठिकाणीं बसून एक गाणें शेवटपर्यंत ऐकवत नाहीं, त्याला तीन पानांचा धडा तरी कसा वाचवेल, आणि समोरच्या दुःखी माणसाचें बोलणें तरी तो कसें ऐकून घेईल? म्हणून आम्हीं वर्गांत गाणें लाविलें. मुलांस आम्ही तीन प्रश्न विचारितों. ऐकलेल्यांतील शब्द लिहून काढितां येतात काय? कवि कोण, हें ठाऊक आहे काय? तें पुन्हां, अगदीं शांतपणें ऐकावेंसें वाटतें काय? ज्या गाण्यास या तिन्ही प्रश्नांचें उत्तर 'होय' असें येईल, तें प्रेमाचें असलें तरी त्यानें कोणी बिघडणार नाहीं.

आणखी एक गोष्ट आमच्या मनास लागून राहिली आहे. आमच्या मुलांची अशी समजूत झाली आहे कीं गाणें, पुस्तक, कला हें सारें मुंबई-पुण्याकडून येतें आणि भद्रावतीनें तें नुसतें घ्यावयाचें. खेड्यांतून येणारीं कांहीं मुलें आपली बोली वर्गांत लपवितात. त्यांस आम्ही दोन गोष्टी सांगतों. भावगीताची वाट जिनें रुळविली, त्या तबकडीचे शब्द विदर्भांतील मेहकरसारख्या लहान गांवांतून आले. आणि ती तबकडी तरी कशाची होती? दगडाच्या भुकटींत लाख मिसळून ती घडवीत. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे जें कवच करितात तें. आणि जगाला लागणारी बहुतेक लाख त्या काळीं हिंदुस्थानच्याच जंगलांतून जाई. फाल्गुनांत आमच्या रस्त्यांच्या कडेला जो पळस लाल होऊन उभा असतो, त्याच्या जातभाईंनीं जगाचीं गाणीं अंगावर वागविलीं आहेत.

असें असूनहि आमच्या स्वतःच्या परिसराचीं गाणीं मात्र पुरेशीं जतन झालीं नाहींत, हें दुःख आहे. जात्यावरच्या ओव्या जातें थांबल्यापासून विरत चालल्या. गोंडी बांधवांचीं रेला गीतें, दंडार, झाडीपट्टीच्या नाटकांतील जुनीं पदें यांतलें पुष्कळसें वृद्ध माणसांच्या कंठांतच आहे. तो कंठ मिटला कीं गाणेंहि मिटलें. जोशी यांच्या काळीं आवाज धरून ठेवण्यास कंपनी लागे, यंत्रें लागत, कलकत्त्याचा कारखाना लागे. आज तें साधन बहुतेक घरांत कोणाच्या तरी खिशांत आहे.

तेव्हां विद्यार्थ्यांस आमची सूचना अशी. येत्या सुट्टींत प्रत्येकानें आपल्या आजीचें, आजोबांचें किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध माणसाचें एक गाणें मोबाईलवर मुद्रित करावें. गोंडी असो, झाडीबोली असो, तेलुगू असो. भाषेची अट नाहीं. आधीं त्यांची परवानगी घ्यावी. एकच गाणें, पण पुरतें. मध्येंच तोडूं नये. शब्द स्वच्छ अक्षरांत वहींत उतरवावे, न कळलेला शब्द त्यांनाच विचारावा आणि तें गाणें त्या कोणाकडून व कोणत्या गांवीं शिकल्या, तेंहि लिहावें. पालकांस विनंति एवढीच कीं मुलांस त्या वेळीं दुसऱ्या कामास हांक मारूं नये. शाळा उघडल्यावर हीं गाणीं आम्ही वर्गांत ऐकूं, जोशी यांच्या तबकडीइतक्याच शांततेनें. आणि आवडनिवडहि तशीच मोकळेपणानें सांगूं.

गाणें संपल्यावर मुद्रण लगेच बंद करूं नका. आजीला गौहरजानप्रमाणें आपलें नांव मोठ्यानें सांगूं द्या. कित्येक आज्यांस आपलें नांव असें उच्चारण्याचा प्रसंग जन्मांत आलेला नसतो.