विज्ञानकथा पडद्यावर आणताना

हळदीच्या मोंढ्यामुळे ज्या वसमतचे नाव देशभरच्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत गेले आहे, त्या वसमतच्या शेजारी, औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळ्याच्या शिवारात, अतिदूर विश्वात दोन कृष्णविवरे परस्परांवर आदळून एकरूप होताना अवकाशात ज्या लहरी उठतात त्यांचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहावयाची आहे. काटकोनात पसरलेल्या प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांतून जाणारा लेसरचा झोत आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म असा लांबीतील फरक टिपण्याचे सामर्थ्य, असे तिचे स्वरूप असून केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. जमिनीचे दाखले, मोजणीचे नकाशे आणि मंजुरीचे हुकूम यांची चर्चा आमच्याकडे पुष्कळ होते. कृष्णविवर म्हणजे काय, या प्रश्नापाशी मात्र ती थांबते. आणि हा प्रश्न घरोघर नेऊ शकेल असे कथासाहित्य मराठीत पन्नास वर्षांपासून सिद्ध असता आमच्या दूरचित्रवाणीने त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही, याचा मला मनापासून खेद होतो.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने एक कथा दाखल झाली. आपल्या कीर्तीचा भार परीक्षकांच्या मनावर पडू नये म्हणून लेखकाने स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने लावून हे नाव धारण केले होते, आणि अक्षरावरून ओळख पटू नये यासाठी कथेची प्रत पत्नीच्या हातची करून घेतली होती. कथेस बक्षीस मिळाले, लेखक जयंत विष्णु नारळीकर असल्याचे उघड झाले, आणि त्या कथेचे नाव होते ‘कृष्णविवर’. याच नारळीकरांनी १९८८ साली पुण्यात आयुका ही संस्था उभी केली, आणि ती संस्था आज लायगो-इंडियाच्या कार्यात भागीदार आहे. म्हणजे २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तलेल्या या थोर पुरुषाच्या पहिल्या कथेचा विषय आणि आमच्या जिल्ह्याच्या माळावर होऊ घातलेले कार्य हे एकाच जिज्ञासेचे दोन आविष्कार आहेत.

दर भागात एक स्वतंत्र कथा, नवी पात्रे, नवे स्थळ, आणि तासाभरात आरंभापासून अखेरपर्यंतचा प्रवास, हा प्रकार विज्ञानकथेस जितका मानवतो तितका शेकडो भागांचा संसार मानवत नाही. अमेरिकेत १९५९ साली सुरू झालेल्या ‘द ट्वायलाइट झोन’ने आणि १९६५ पासून बीबीसीने चालविलेल्या ‘आउट ऑफ द अननोन’ने याची साक्ष दिलेली आहे. आम्हांलाही तो प्रकार अपरिचित नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवर ‘गहिरे पाणी’ झाली, नारायण धारपांच्या भयकथांवर ‘अनोळखी दिशा’ झाली, आणि प्रेक्षकांनी त्या आवडीने पाहिल्या. मग विज्ञानकथेच्याच वाट्याला ही उपेक्षा का यावी? वाहिन्यांकडून खर्चाची सबब पुढे केली जाते: अवकाशयाने, परग्रह, यंत्रमानव हे सारे दाखवावयाचे तर पैसा कोठून आणावयाचा!

नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा ज्याने वाचली असेल त्याला ही सबब टिकणारी वाटणार नाही. इतिहासाचे अभ्यासक गंगाधरपंत पुण्याहून मुंबईस येतात ते अशा एका जगात की जेथे १७६१ च्या रणांगणावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही. टाऊन हॉलच्या ग्रंथालयात बसून ते इतिहासाची पाने उलटीत जातात, आणि भाऊसाहेबांच्या बखरीत त्यांना असे आढळते की ती गोळी विश्वासरावांच्या कानाला चाटून गेली. पुढे ते आपल्या जगात परततात तेव्हा त्या बखरीचे एक फाटके पान त्यांच्या खिशात राहिलेले असते, आणि मित्र राजेंद्र देशपांडे यांच्याशी होणारा त्यांचा सगळा वाद त्या एका पानाभोवती फिरतो. या कथेस लढाईचा देखावा नको, हत्तीघोडे नकोत. एक जुने ग्रंथालय, दोन जाणते नट, आणि शेजारी ठेवलेल्या दोन पानांवरून सावकाश फिरणारा कॅमेरा एवढे भांडवल पुरेसे आहे. ई. एम. फॉर्स्टर यांची १९०९ ची ‘द मशीन स्टॉप्स’ ही कथा बीबीसीने १९६६ साली ‘आउट ऑफ द अननोन’मध्ये कृष्णधवल चित्रांत सादर केली, तीही बव्हंशी बंदिस्त खोलीत एकाकी बसलेल्या माणसांच्या बळावर. आणि त्याच मालिकेचे निम्म्याहून अधिक भाग पुढे फिती पुसल्या गेल्यामुळे नाहीसे झाले, हेही आमच्या दप्तरदारांनी ध्यानात ठेवावे.

मला खरी धास्ती आहे ती निराळ्याच गोष्टीची. नारळीकरांच्याच ‘धूमकेतू’ या कथेत एक निवृत्त हौशी निरीक्षक नवा धूमकेतू शोधतो. तो पृथ्वीवर आदळणार असे गणित निघते, शास्त्रज्ञ अंतराळात अण्वस्त्र पाठवून त्याला मार्गातून ढळवितात, आणि इकडे घरी त्या निरीक्षकाची पत्नी अरिष्ट टळावे म्हणून यज्ञ करविते. संकट टळते, आणि यज्ञच फळास आला अशी तिची श्रद्धा होते. त्या साध्वीचे भय आणि तिची माया लेखकाने ममतेने रंगविली आहे, परंतु धूमकेतू कशाने ढळला याविषयी त्याने वाचकाच्या मनात तिळमात्र संदेह ठेवलेला नाही. आता हीच कथा आजच्या एखाद्या पटकथाकाराच्या हाती पडली आणि वरून ‘प्रेक्षकांच्या भावना सांभाळा’ असा हुकूम सुटला, तर यज्ञाच्या ज्वाळा आणि आकाशातील स्फोट आलटून पालटून दाखवावे, पार्श्वसंगीत चढवावे आणि निर्णय अधांतरी सोडावा, हा मोह अनावर होईल. असे झाल्यास कथेचे नाव राहील आणि कथा जाईल. भयकथेत प्रेक्षकाने क्षणभर प्रश्न विचारणे थांबवावे अशी लेखकाची अपेक्षा असते, आणि त्यात गैर काही नाही. विज्ञानकथेची सारी रचना मात्र प्रेक्षकाने कार्यकारण तपासावे याच पायावर उभी असते, आणि तो पाया काढून घेण्याचा अधिकार रूपांतरकारास नाही.

बाकी बदलास माझी हरकत नाही. गाव बदलावे, बोली बदलावी, मुंबईच्या जागी परभणी किंवा हिंगोली आणावी, पुरुषपात्राची स्त्री करावी. विज्ञान जुने झाले म्हणून कथेचे वर्ष मात्र बदलू नये. गुरुत्वीय लहरींची पहिली प्रत्यक्ष नोंद सप्टेंबर २०१५ मध्ये झाली आणि कृष्णविवराचे पहिले चित्र एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी चार दशके एका मराठी लेखकाने कृष्णविवरावर कथा लिहिली, हे काळाचे अंतर प्रेक्षकास जाणवू देण्यात कथेचा गौरवच आहे.

नारळीकरांखेरीज बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या कथा हाताशी आहेत. सह्याद्री वाहिनीने तेरा भागांची एक मालिका मंजूर करावी, लेखकांच्या अगर त्यांच्या वारसांच्या लेखी संमतीने हक्क घ्यावेत, प्रत्येक संहिता विषयाच्या जाणकाराकडून तपासून घ्यावी, आणि पहिल्या भागाचे चित्रण औंढ्याच्या माळावर करावे. पहिला भाग ‘धूमकेतू’चा असावा, आणि त्याचा शेवट मुळाबरहुकूम ठेवावा.