वर्गाची खिडकी कोण उघडणार?



जेवणाच्या सुट्टीनंतर मुलं पेंगायला लागली की आपण काय म्हणतो? "खिचडी जास्त झाली वाटतं!" मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो. एका जानेवारीत पाच मिनिटं बाहेर जाऊन वर्गात परतलो, तर कोंदट वासानं दारातच थबकलो. गारठा म्हणून सगळ्या खिडक्या बंद. चाळीस मुलं तीच ती हवा पुन्हा घेत होती. उगाच रागावलो होतो मी त्यांच्यावर.

बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड साधारण 420 भाग असतो. आपल्या उच्छ्वासात तो सुमारे 4 टक्के, म्हणजे जवळपास शंभर पट! वर्गात तो 1000 भागांच्या वर गेला, तर ताजी हवा कमी पडतेय असं समजतात. मग जांभया, जड डोकं, आणि एकाची सर्दी सगळ्यांना. पंख्यानं वारा लागतो, पण दारं-खिडक्या बंद असतील तर तीच हवा फिरत राहते.

'माझी शाळा, सुंदर शाळा' अभियानात भिंती रंगल्या, परसबागा फुलल्या. छानच झालं. पण माझं स्पष्ट मत आहे, की इमारत नुसती बांधून 'हरित' होत नाही. ती रोज तशी वापरावी लागते. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत छपराला झरोका असायचा. गरम हवा वर चढते, तिला वाट हवी, हे आजीला पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. आपण मात्र वर्गातले वरचे झरोके चिमण्या येतात म्हणून पुठ्ठ्यानं बुजवतो.

वाशिम जिल्ह्यातल्या अडचणी मला माहीत आहेत. माकडं येतात, त्यावर जाळी बसवता येते. सोयाबीनच्या मळणीचा भुसा उडतो, तेव्हा त्या बाजूची खिडकी लावा, पलीकडची उघडी ठेवा. एरवी समोरासमोरच्या दोन्ही उघडा, म्हणजे हवा आरपार जाईल. नवा रंग दिला असेल, तर वास जाईपर्यंत मुलांना त्या खोलीत बसवू नका.

फळ्यावर तारीख लिहिणारा विद्यार्थी असतो ना? तसाच एक 'हवामंत्री' नेमा. प्रत्येक तासिकेनंतर पाच मिनिटं खिडक्या सताड उघडणं हे त्याचं काम. पालकहो, थंडीत मुलाला स्वेटर घालून पाठवा, म्हणजे खिडकी बंद करायची वेळच येणार नाही.

याला निधी लागत नाही, फक्त कुणीतरी उठायला हवं. उद्या पहिल्या तासिकेला आपणच उठूया!